फाटकावरची नियमावली

१६ जुलै २०२१ हा दिवस महाराष्ट्रातल्या दहावीच्या शिक्षकांना आठवत असेल. कोविडच्या साथीमुळे त्या वर्षी परीक्षा झालीच नव्हती. शाळांनी दिलेल्या अंतर्गत गुणांवरून निकाल तयार झाला होता आणि तो दुपारी एक वाजता संकेतस्थळावर पाहायला मिळणार होता. एक वाजला. राज्यभरातून लाखो बोटांनी एकाच वेळी एकच पत्ता दाबला, आणि संकेतस्थळ बंद पडले. मुले आणि पालक तासन् तास तेच पान पुन्हा पुन्हा उघडत राहिले. प्रत्येक नव्या प्रयत्नाने गर्दीत भरच पडत होती. कित्येकांना निकाल दिसायला संध्याकाळ झाली.

आता हाच प्रसंग संगणकाच्या बाजूने पाहू. त्याला मुलांचे चेहरे दिसत नाहीत, धडधड ऐकू येत नाही. त्याला दिसतात फक्त मागण्या : ‘हे पान दे’, ‘हे पान दे’. संकेतस्थळ पाडण्यासाठी कोणी मुद्दाम हल्ला केला तरी त्याला नेमके हेच दिसते. मग निकालाची आतुर गर्दी कोणती आणि हल्ला कोणता, हे ओळखायचे कसे? कोणाला आत सोडायचे, कोणाला थांबवायचे, कोणाला ‘जरा थांबा’ म्हणायचे हे कोणीतरी आधी ठरवून, लिहून ठेवावे लागते. या लेखात आपण त्या लिहून ठेवलेल्या नियमांचा इतिहास पाहणार आहोत. बाहेरून तो रुक्ष वाटेल, पण आपल्या विद्यार्थ्यांना दार उघडणार की नाही हे त्यावरच ठरते.

इतिहास जगाचा असला तरी आपण तो नवी मुंबईत उभे राहून पाहू. त्याला कारण आहे. मंडळाच्या मुंबई विभागाचे कार्यालय वाशीला आहे. तिथून थोड्या अंतरावर, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात आज मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. एकेकाळी हा पट्टा रासायनिक कारखान्यांसाठी ओळखला जाई. आज तिथल्या खिडक्या नसलेल्या इमारतींत हजारो सर्व्हर अहोरात्र चालतात. आणि दक्षिणेला उरणजवळ न्हावा-शेवा बंदर आहे. फाटक, तपासणी आणि नियम म्हणजे काय हे समजून घ्यायला बंदरासारखी दुसरी जागा नाही.

पेटीवरचे लेबल

इंटरनेटवरून जाणारी प्रत्येक गोष्ट छोट्या छोट्या पुडक्यांत विभागून पाठवली जाते. प्रत्येक पुडक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि ते कोणत्या कामासाठी आहे हे सांगणारा एक क्रमांक असतो. न्हावा-शेवाला येणाऱ्या कंटेनरवर जशी चार अक्षरे आणि सात आकडे लिहिलेले असतात, तसेच हे.

सुरुवातीच्या इंटरनेटला फाटक नव्हते. जोडलेले संगणक विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे होते. बहुतेक लोक एकमेकांना ओळखत होते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी ही परिस्थिती बदलली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक प्रोग्राम जाळ्यात सोडला. तो एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरत गेला. त्या काळी जाळ्यात सुमारे साठ हजार संगणक होते. त्यांपैकी साधारण दहावा हिस्सा ठप्प झाला असा अंदाज केला जातो. ‘मॉरिसचा किडा’ म्हणून तो प्रसिद्ध आहे.

याच सुमारास अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत जेफ्री मोगल आणि त्यांचे सहकारी पुडक्यांवरची लेबले वाचून त्यांना आत सोडायचे की नाही हे ठरवणारी व्यवस्था तयार करत होते. नियम साधे होते : अमुक पत्त्यावरून आलेले, तमुक कामाचे पुडके आत येऊ द्या, बाकीची अडवा. पुढे अशा व्यवस्थेला ‘फायरवॉल’ हे नाव रूढ झाले. एका खोलीतली आग शेजारच्या खोलीत जाऊ नये म्हणून इमारतीत जी भिंत बांधतात, तिचे हे नाव.

या पहिल्या फायरवॉलमध्येच नियमावलीची दोन तत्त्वे पक्की झाली. पहिले : नियम वरून खाली क्रमाने वाचले जातात आणि जो नियम आधी लागू पडतो तोच पाळला जातो. त्यामुळे तेच नियम, पण क्रम बदलला तर निकाल बदलतो. दुसरे : कोणताच नियम लागू पडला नाही तर काय करायचे, हे शेवटच्या ओळीत स्पष्ट लिहावे लागते. ‘ज्याला मनाई नाही त्याला परवानगी’ ही एक रीत; ‘ज्याला परवानगी नाही त्याला मनाई’ ही दुसरी. घरमालक आणि बँक या दोघांना वेगवेगळी रीत सोयीची वाटेल. कोणती निवडायची हे यंत्र सांगत नाही, ते माणसाला ठरवावे लागते.

खाडीपलीकडची बातमी

आपल्याकडे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात शैक्षणिक संस्थांचे ‘अर्नेट’ हे जाळे उभे राहिले. त्याच्या उभारणीत मुंबईतल्या जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचा, म्हणजे एनसीएसटीचा, आणि तिचे संचालक श्रीनिवासन रमणी यांचा मोठा वाटा होता. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. सर्वसामान्य नागरिकांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमामार्फत.

त्यानंतर तीनच वर्षांनी धक्का बसला. मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या. जूनच्या सुरुवातीला तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत काही परदेशी तरुण शिरले. अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स, न्यूझीलंड अशा देशांत विखुरलेला, एकमेकांना बहुधा कधी भेटलेलाही नसलेला हा गट होता. त्यांनी केंद्रातली काही ई-मेल पत्रे उतरवून घेतली आणि केंद्राच्या संकेतस्थळावर अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र व अण्वस्त्रविरोधी मजकूर लावला. अणुभट्ट्या चालवणारे संगणक या जाळ्याला जोडलेले नव्हते. तरी देशाच्या सर्वांत कडक पहाऱ्याच्या जागेत, तारेच्या कुंपणाला हातही न लावता कोणी शिरू शकते, हे वाशीच्या खाडीपलीकडे घडलेल्या या घटनेने दाखवून दिले.

दोन वर्षांनी, १७ ऑक्टोबर २००० पासून देशात माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला. संगणकांवरील हल्ल्यांच्या नोंदी ठेवणारी आणि सूचना देणारी ‘सर्ट-इन’ ही सरकारी संस्था जानेवारी २००४ पासून काम करू लागली.

पेटी उघडून पाहणारा पहारेकरी

लेबल वाचणाऱ्या पहारेकऱ्याची एक मर्यादा आहे. पेटीवर ‘कापड’ लिहिले असेल तर तो कापड समजून सोडतो. संकेतस्थळ तर सगळ्या जगासाठी उघडे ठेवावे लागते; तिथे कोणत्याही पत्त्यावरून आलेली मागणी रास्तच असू शकते. मग धोका लेबलात नसून आतल्या मजकुरात असतो.

एक उदाहरण घेऊ. निकालाच्या पानावर आसन क्रमांक भरायची चौकट आहे. आपण १२३ लिहिले की आतला प्रोग्राम माहितीच्या कोठाराला विचारतो : ‘ज्याचा क्रमांक १२३ आहे, त्याचे गुण दाखव.’ आता एखाद्याने चौकटीत ‘१२३ किंवा १ = १’ असे लिहिले तर? प्रश्न होईल : ‘ज्याचा क्रमांक १२३ आहे किंवा १ = १ आहे, त्याचे गुण दाखव.’ एक बरोबर एक हे तर प्रत्येकाच्या बाबतीत खरेच! म्हणजे सगळ्यांचे गुण बाहेर. चौकटीत भरलेला मजकूर माहिती म्हणून न वाचता हुकूम म्हणून वाचला गेला, ही यातली चूक. १९९८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतले जेफ फॉरिस्टाल यांनी या प्रकारच्या हल्ल्याचे वर्णन पहिल्यांदा जाहीरपणे केले.

याचा खरा इलाज म्हणजे प्रोग्राम नीट लिहिणे. मजकूर आणि हुकूम यांची सरमिसळ होऊ न देणे. पण जगात लाखो जुनी संकेतस्थळे होती आणि ती सगळी दुरुस्त करायला कोणाला वेळ होता? म्हणून मध्ये एक नवा पहारेकरी उभा करण्यात आला. तो पेटी उघडतो, आतला मजकूर वाचतो आणि संशयास्पद नमुने शोधतो. याला संकेतस्थळाची फायरवॉल म्हणू. १९९९ च्या सुमारास अशी विकत मिळणारी साधने आली. २००२ मध्ये इव्हान रिस्टिच यांनी ‘मॉडसिक्युरिटी’ हे कोणालाही वापरता येईल असे साधन तयार केले. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘ओवास्प’ या स्वयंसेवी गटाने संकेतस्थळांच्या दहा मोठ्या धोक्यांची यादी २००३ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती तेव्हापासून अधूनमधून सुधारली जाते.

पूर

पेटी उघडून पाहणाऱ्यालाही एक संकट पेलत नाही, ते म्हणजे पूर. फेब्रुवारी २००० मध्ये याहू, ॲमेझॉन, ईबे, सीएनएन ही त्या काळची बलाढ्य संकेतस्थळे एकापाठोपाठ एक बंद पडली. जगभरातले दुसऱ्यांचे संगणक ताब्यात घेऊन, त्या सगळ्यांना एकाच वेळी एकाच दारावर ढकलण्याची ही युक्ती होती. करणारा होता कॅनडातला पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा.

पुढे पुराचे पाणी वाढतच गेले. जुलै २०१६ मध्ये मुंबई परिसरातल्या काही इंटरनेट सेवा पुरवणाऱ्यांवरच असा हल्ला झाला. अनेक ग्राहकांचे इंटरनेट रेंगाळले आणि पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. त्याच वर्षी ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने घरोघरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची किल्ली हास्यास्पद वाटेल इतकी सोपी होती. कारखान्यातून आलेला पासवर्ड लोक बदलत नाहीत, म्हणून असे साठेक ठरावीक पासवर्ड तो एकामागून एक वापरून पाही. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या कॅमेऱ्यांच्या फौजेने इंटरनेटवरची नावे पत्त्यांत बदलून देणाऱ्या एका मोठ्या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेतली अनेक नामवंत संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली.

पुरात दारावर कितीही हुशार पहारेकरी ठेवा, काय उपयोग? दारापर्यंत येणारा रस्ताच पाण्याखाली असतो.

फाटक बंदराबाहेर गेले

न्हावा-शेवा बंदरात हा प्रश्न वेगळ्या रूपात होता. बंदरातच प्रत्येक कंटेनर उघडून तपासत बसले तर धक्का तुंबेल. म्हणून उरण-द्रोणागिरी परिसरात, बंदराच्या बाहेर कंटेनर फ्रेट स्टेशने उभारली गेली. पेट्या तिथे नेऊन उघडतात, तपासतात. धक्का मोकळा राहतो.

इंटरनेटवर हेच काम मोठ्या प्रमाणात झाले. अमेरिकेतल्या एमआयटीमधील टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी १९९८ मध्ये अकामाई ही कंपनी काढली. संकेतस्थळांच्या प्रती जगभरच्या सर्व्हरवर ठेवून गर्दी विभागायची, ही तिची कल्पना होती. २०१० मध्ये सुरू झालेल्या क्लाउडफ्लेअरने गर्दी विभागणे आणि पहारा देणे या दोन्ही गोष्टी एकत्र करून लहान संकेतस्थळांच्याही आवाक्यात आणल्या. आज असे अनेक पुरवठादार आहेत.

हे चालते कसे? समजा, ऐरोलीतल्या एका शाळेचे संकेतस्थळ आहे. शाळेने अशी सेवा घेतली की त्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो. नाव शाळेचेच राहते. पत्ता मात्र राखणदाराचा होतो. पाहुणा आधी राखणदाराच्या दारात जातो, तिथे तपासला जातो आणि मगच शाळेच्या सर्व्हरपर्यंत पोहोचतो. राखणदाराचे एकच पत्त्याचे दार शेकडो शहरांत असते आणि प्रत्येक पाहुणा जवळच्या दारात जातो. त्यामुळे मुंबईतला पाहुणा मुंबईच्या दारात, टोकियोतला टोकियोच्या. पूर आला तरी तो शेकडो दारांत विभागला जातो. कोणत्याच एका दारात बुडण्याइतके पाणी साचत नाही.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. एक, शाळेच्या सर्व्हरचे मागचे दार उघडे राहिले तर सगळा पहारा वाया जातो. खरा पत्ता शोधून कोणी थेट तिथे गेला तर? म्हणून ‘राखणदाराकडून आलेल्याखेरीज कोणालाही आत घेऊ नका’ हा नियम शाळेच्या सर्व्हरवर लिहावा लागतो. दोन, मजकूर तपासायचा म्हणजे बंद लिफाफा राखणदाराने उघडायचा. सांकेतिक रूपात पाठवलेला मजकूर बहुतेक वेळा त्याच्या दारात उलगडला जातो. म्हणजे आपण चोराला दूर ठेवण्यासाठी एका तिसऱ्याला आपली पत्रे वाचायचा अधिकार देतो. तो देताना विचार केला पाहिजे.

नियम कोण लिहितो?

नियमावलीतल्या प्रत्येक नियमाचे दोन भाग असतात : ‘जर’ आणि ‘तर’. जर मागणी अमुक पत्त्यावरून, अमुक देशातून, अमुक वेगाने आली किंवा तिच्यात अमुक नमुना असला, तर तिचे काय करायचे? सोडा, अडवा, ‘तुम्ही माणूसच आहात का’ असे विचारा, किंवा काही न करता फक्त वहीत नोंद करा. काही नियम राखणदार स्वतः लिहितो आणि सगळ्या ग्राहकांना देतो. काही प्रत्येकाने आपापले लिहायचे असतात.

पहिल्या प्रकारचा फायदा डिसेंबर २०२१ मध्ये दिसला. ‘लॉगफोरजे’ या, जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्यात मोठे भोक सापडले. प्रत्येकाने आपला प्रोग्राम दुरुस्त करायला दिवस, आठवडे लागले असते. राखणदारांनी काही तासांत नियम लिहून असंख्य संकेतस्थळांच्या दारावर लावले. लगेच हल्लेखोर तोच मजकूर अक्षरे फिरवून पाठवू लागले, आणि नियम पुन्हा पुन्हा सुधारावे लागले.

पण नियम चुकला तर नुकसान चोराचे होत नाही, पाहुण्याचे होते. आपल्या जवळची दोन उदाहरणे पाहू.

समजा, नियम असा आहे : ‘एका पत्त्यावरून मिनिटाला १०० पेक्षा जास्त मागण्या आल्या तर अडवा.’ ऐकायला रास्त वाटते. आता शाळेच्या संगणक कक्षात ४० मुले निकाल पाहायला बसली आहेत. बाहेरच्या जगाला त्या साऱ्या कक्षाचा पत्ता एकच दिसतो. एक पान उघडायला चित्रे, मजकूर, मांडणी मिळून २० मागण्या लागतात असे धरू. ४० गुणिले २० म्हणजे ८००. पाच मुलांची पाने उघडली की शंभर पुरे झाले. सहाव्याला दार बंद. मोबाइलवर इंटरनेट वापरणाऱ्यांचेही असेच आहे. आपल्याकडे कंपन्या शेकडो ग्राहकांना बाहेर एकाच पत्त्याने दाखवतात. म्हणजे ज्याच्या घरी स्वतःचे वेगळे कनेक्शन आहे तो सुटतो, आणि जो शाळेच्या किंवा सामाईक कनेक्शनवर अवलंबून आहे तोच अडकतो.

दुसरे उदाहरण भाषेचे. पत्त्याच्या ओळीत देवनागरी अक्षर पाठवताना ते तीन बाइटांत मोडले जाते आणि प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन खुणा अशा रूपात लिहिला जातो. म्हणजे एकट्या ‘क’ला नऊ खुणा. ‘निकाल’ या शब्दात मात्रा धरून पाच चिन्हे आहेत. त्याच्या होतात ४५ खुणा, त्यांत १५ टक्क्याची चिन्हे. हल्लेखोरही आपला मजकूर लपवण्यासाठी अशीच टक्क्याची चिन्हे वापरतात. केवळ इंग्रजी डोळ्यांपुढे ठेवून कोणी ‘फार टक्के दिसले तर अडवा’ असा नियम लिहिला, तर मराठीत शोध घेणारा प्रत्येक जण संशयित ठरेल. इथे वाईट हेतू कोणाचाच नाही. नियम लिहिताना मराठी वाचक लिहिणाऱ्याच्या मनात नव्हता, एवढेच.

म्हणून जाणकार नवा नियम लगेच अडवायला लावत नाहीत. आधी काही दिवस तो फक्त नोंद करतो. ती वही वाचायची, कोणते निरपराध सापडले असते ते पाहायचे, अपवाद लिहायचे, आणि मगच अडवणे सुरू करायचे. तेही आधी थोड्या मागण्यांवर. वहीला आता कायद्याचेही पाठबळ आहे. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार संगणक व्यवस्थांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि ठरावीक प्रकारचे हल्ले कळल्यापासून सहा तासांत कळवावे लागतात.

पहारेकरीच कोसळतो तेव्हा

‘फक्त नोंद’ करणारा नियम निरुपद्रवी असतो असे वाटेल. २ जुलै २०१९ रोजी तसे नाही हे कळले. त्या संध्याकाळी, आपल्या घड्याळाप्रमाणे सव्वासातच्या सुमाराला, क्लाउडफ्लेअरच्या दारांतून जाणारी जगभरची संकेतस्थळे एकदम बंद पडली. सत्तावीस मिनिटे ही अवस्था होती. कोणी हल्ला केला नव्हता. कंपनीनेच एक नवा नियम, फक्त नोंद करण्यासाठी, जगभरच्या सगळ्या दारांवर एकाच वेळी लावला होता.

त्या नियमातल्या नमुन्याचा एक भाग सोप्या भाषेत असा होता : ‘काहीही, मग पुन्हा काहीही, मग बरोबरचे चिन्ह’. यात बिघडले काय, ते वर्गात फळ्यावर करून पाहता येते. बरोबरचे चिन्ह नसलेली, २० अक्षरांची एक ओळ घ्या. पहिले ‘काहीही’ कुठे संपते आणि दुसरे कुठे, हे ठरवण्याचे किती मार्ग? पहिले शून्य अक्षरांवर संपेल किंवा एकावर किंवा दोनावर... आणि दुसरे त्याच्या पुढे कुठेही. मोजले तर २१ गुणिले २२ भागिले २, म्हणजे २३१. संगणक एकेक करून हे सगळे मार्ग तपासतो आणि शेवटी म्हणतो, ‘नाही जुळले’. ओळ १०० अक्षरांची असेल तर ५,१५१ मार्ग. १,००० अक्षरांची असेल तर ५,०१,५०१. ओळ दहापट झाली की काम जवळजवळ शंभरपट. नियम कोणाला अडवत नव्हता हे खरे, पण अडवायचे की नाही हे पाहण्यातच पहारेकऱ्याची सगळी शक्ती संपत होती. कंपनीच्या लोकांना नियम काढायलाही वेळ लागला, कारण त्यांची स्वतःची साधने त्याच फाटकाच्या आत होती.

असेच प्रसंग पुन्हा आले. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच कंपनीत, माणूस आणि स्वयंचलित प्रोग्राम यांतला फरक ओळखणाऱ्या व्यवस्थेची यादी एका अंतर्गत बदलामुळे दुप्पट लांब झाली. यादी वाचणाऱ्या प्रोग्रामला तेवढी लांबी झेपली नाही आणि जगभरची असंख्य संकेतस्थळे काही तास अडखळली. ५ डिसेंबर २०२५ रोजी नव्याने सापडलेल्या एका भोकापासून ग्राहकांचे रक्षण करण्यासाठी घाईने केलेल्या बदलामुळे पुन्हा सुमारे पंचवीस मिनिटे अडथळा आला. मुंबईचा शेअर बाजार तेव्हा चालू होता, आणि काही दलालांची व्यवहाराची साधने तेवढा वेळ बंद पडली.

कंपनीने प्रत्येक वेळी आपली चूक सविस्तर लिहून प्रसिद्ध केली, म्हणूनच आपल्याला हे इतके बारकाईने कळते. चूक झाकणाऱ्यांकडून असे शिकता येत नाही.

या घटना एक जुना प्रश्न समोर ठेवतात. प्रत्येकाने आपला पहारेकरी ठेवला तर बहुतेकांना तो परवडत नाही. सगळ्यांनी मिळून एकच ठेवला तर स्वस्तात उत्तम पहारा मिळतो, पण तो घसरला की सगळ्यांची दारे एकदम बंद होतात.

न्हावा-शेवाचा धडा

शेवटी बंदराकडे परत जाऊ. २७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा इथले गेटवे टर्मिनल्स हे टर्मिनल ठप्प झाले. बंदरातली इतर टर्मिनल चालू होती. हे टर्मिनल चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची. त्या दिवशी ‘नॉटपेट्या’ नावाच्या प्रोग्रामने मर्स्कचे जगभरचे संगणक निकामी केले होते. उरणच्या धक्क्यावर कोणता कंटेनर कुठे ठेवला आहे हे संगणकालाच माहीत. तो गेल्यावर कामे हाताने करावी लागली, मालाची गती मंदावली.

हा प्रोग्राम कोणत्या दारातून आला? संकेतस्थळाच्या दारातून नाहीच. युक्रेनमध्ये हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीत तो लपवला होता. ते सॉफ्टवेअर विश्वासातले, म्हणून त्याला तपासणीशिवाय प्रवेश. आत आल्यावर कंपनीच्या एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जायला अडथळा नव्हता, कारण आतले सगळे आपलेच! मर्स्कला सुमारे दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभारावे लागले. ते करता आले याचे एक कारण म्हणजे घानामधला एक सर्व्हर. तिथली वीज गेल्यामुळे तो त्या वेळी बंद होता, आणि म्हणून त्यावरची माहिती वाचली.

बाहेरच्या फाटकावर कितीही उत्तम नियमावली असली तरी ‘आतले ते आपले’ हा न लिहिलेला नियम तिला निष्प्रभ करू शकतो. म्हणून आता जाणकार प्रत्येक खोलीच्या दारावर वेगळी तपासणी असावी असे सांगतात.

शाळेच्या पातळीवर

या इतिहासातून शिक्षकांनी काय घ्यायचे? बहुतेक शाळांचे संकेतस्थळ, प्रवेशाचे अर्ज, शुल्क, हजेरी हे सगळे आता कोणीतरी बाहेरचा चालवतो. नियम लिहिणे आपले काम नाही, पण प्रश्न विचारणे आहे. संगणक कक्षातून चाळीस मुले एकदम आली तर त्यांना दार उघडेल का? मराठीत नाव लिहिले तर अर्ज स्वीकारला जाईल का? एखाद्या खऱ्या पालकाला चुकून अडवले तर त्याने कोणाला फोन करायचा? आणि नियम शेवटचा कधी, कोणी तपासला?

मोठ्या विद्यार्थ्यांबरोबर हा विषय संगणकाशिवायही शिकवता येईल. शाळेच्या फाटकासाठी दहा नियम लिहायला सांगा : कोणाला सोडायचे, कोणाला अडवायचे, कोणाला विचारायचे. मग एका गटाने नियम मोडून आत शिरायचा मार्ग शोधावा आणि दुसऱ्या गटाने या नियमांमुळे कोणता निरपराध बाहेर राहील ते शोधावे. उशिरा आलेला मुलगा, ओळखपत्र विसरलेली आजी, डबा घेऊन आलेला मोठा भाऊ. नियमांचा क्रम उलटा करून पुन्हा पाहावे. तासाभरात मुलांच्या लक्षात येईल की चोराला अडवणारा नियम लिहिणे तितकेसे अवघड नाही. आजीला न अडवता चोराला अडवणारा नियम लिहिणे अवघड आहे.